आंजनटोल्याचा रंग

नागपूर, १४ जानेवारी २००३

राजकुमारीताई,

तिळगूळ पाकिटात मावत नाही, म्हणून नुसतीच गोड बोलते. तुला वाटलं असेल, मामाची ही पोरगी नागपूरला जाऊन मेली की काय, चार महिने ओळ नाही. मेले नव्हते, गोंदिया जिल्हा रंगवत होते.

तू मागे विचारलं होतंस, जीआयएस म्हणजे नक्की काय काम आणि त्याला पगार कोण देतं. लहानपणी सालेकशाला आपण भूगोलाच्या नकाशावर तेलकट कागद ठेवून गिरवायचो, तसंच हे. एका कागदावर गावांच्या शिवा, दुसऱ्यावर तलाव आणि कालवे, तिसऱ्यावर पाऊस, चौथ्यावर उपग्रहानं वरून काढलेला फोटो. सगळे कागद कॉम्प्युटरात एकावर एक ठेवायचे आणि त्याला विचारायचं, बाबा रे, कोणतं गाव किती कोरडं? तो प्रत्येक गावाला रंग देतो. सगळ्यांत कोरडं ते लाल, मग पिवळं, मग पोपटी, आणि पाण्याचं सुख आहे ते गडद हिरवं. गेल्या साली पावसानं दगा दिला ना, म्हणून सरकारला हा नकाशा हवा होता. लाल गावांचे तलाव आधी दुरुस्त होणार.

आता ऐक. तुझं आंजनटोला गडद हिरवं आलं आहे. एप्रिलच्या फोटोत आजूबाजूची सगळी शेतं भाजलेल्या पापडासारखी, आणि तुझ्या गावात हा एवढा हिरवा डाग. उन्हाळी धान. वर आमची चंदा रहांगडाले नोव्हेंबरात जीप घेऊन तपासणीला गेली होती, तीही सांगत आली, गावात पाणी भरपूर. मी साहेबांना छाती काढून सांगितलं, तिथली सरपंच माझी आतेबहीण आहे. साहेब म्हणाले, बाई कर्तबगार दिसतात.

कर्तबगार बाईंनी पत्राचं उत्तर मात्र लवकर द्यावं.

तुझी रविता

*

आंजनटोला, २५ जानेवारी २००३

रविता,

तुह्यं पत्र आलं तवा मी डोक्यावर पान्याचा गुंड घेऊन अंगणात शिरत होती. गुंड उतरवला, पत्र वाचलं, आन् तोच गुंड उचलून तुह्या डोक्यात घालावा असं वाटलं.

कोनं सांगतलं तुले हिरवं? आमचं गाव उंचावर. इटियाडोहचा कालवा खालच्या खाली निघून जाते, आमी तलावाच्या पाळीवर उभं राहून त्याच्याकडं पाहाचं. गावच्या विहिरी दिवाळीलेच बसल्या. केशोरीच्या रस्त्यावर एक हातपंप हाय, तथून अख्खं गाव पानी भरून राहिलं. तुह्या हिरव्या डागात काय हाय सांगू? आमचा तलाव. आन् तलावात पानी नाई, बेशरम हाय. मानूस उभा लपन एवढी झाडी. गाळ भरला, पानी गेलं, आन् बेशरम माजली. बाराही महिने हिरवीगार. ढोर तोंड लावत नाई तिले. तिले तू उन्हाळी धान म्हनते? धानपट्ट्यात जलमली ना वो तू?

आता माहं आयक. सरपंचाच्या खुर्चीवर बसली त्या दिवशी मी एकच गोष्ट कबूल केली होती: तलाव साफ करून देईन. बाकी कायच बोलली नव्हती. दोन वर्सं तहसीलीच्या पायऱ्या झिजवल्या. परवा गेली तर बाबू म्हनते, "बाई, आपका गाँव तो हरा है, लिस्ट में कैसे लूँ?" मले वाटलं, मस्करी करून राहिला. तुह्यं पत्र वाचलं तवा समजलं का मस्करी माह्या घरच्याच मानसानं केली.

धनेंद्र, माहा देर, तुले माईत हाय. चांगला बारावी झालेला, निर्व्यसनी पोरगा. दोन जागी जमत आलेलं मोडलं. पोरीचा बाप येते, आमच्या बायाईच्या डोक्यावरचे गुंड मोजते, "घरी इचारून सांगतो" म्हनते आन् जाते. असे किती पोरं बसून हायेत गावात.

मले एवढंच सांग, तुह्या त्या चंदाले "पानी भरपूर" कोनं सांगतलं? मी तर नोव्हेंबरात गोंदियाले सरपंचाईच्या ट्रेनिंगले होती, तवाच आली असन ते.

रागावली हावो, पन तब्येतीले जप.

राजकुमारी

*

नागपूर, ३ फेब्रुवारी २००३

ताई,

तुझा गुंड मला इथं नागपुरात लागला. दोन दिवस जेवण गेलं नाही. पण तुझ्याच आवाजात उत्तर देते: दोष एकट्या माझा नाही.

उपग्रहाला बेशरम आणि धान यांतला फरक कळत नाही. त्याला हिरवं म्हणजे हिरवं. हे आम्हाला ठाऊक असतं, म्हणूनच तर माणूस पाठवून खात्री करतो. आणि तुझ्या गावानं आमच्या माणसाला काय सांगितलं ते आता चंदाच्या तोंडून ऐक. मी तिला कॅन्टीनमध्ये समोर बसवून विचारलं.

म्हणाली, जीप थांबली तशी पांढऱ्या पागोट्याचे एक आजोबा धावत आले. ते म्हणजे तुझे सासरे, तुमचे मामाजी, भोजराज कटरे. तिनं आपलं काम सुरू केलं. शेती किती एकर? पाणी किती महिने पुरतं? विहीर घरापासून किती लांब? पाणी कोण भरतं? आजोबा खूश होऊन सांगत गेले. विहीर अंगणात, पाणी बारमाही, घरच्या बाईला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायला लागत नाही. मग त्यांनी आमचा ड्रायव्हर हिरालाल याला खाटेवर गादी घालून बसवलं. हिरालालची मिशी भारदस्त आहे, मान्य, पण त्याला "आपली जमीन किती, भाऊसाहेब?" असं कशाला विचारायचं? हिरालाल म्हणाला, "अपने पास तो बस गाड़ी है." तर आजोबा म्हणाले, "काही हरकत नाही, माणूस महत्त्वाचा." मग तळलेले उडदाचे बडे आले, खीर आली. घरातल्या आजींनी चंदाचं कुळ-कुर विचारलं, वय विचारलं, धानाचा रोवणा करता येतो का विचारलं. नांद पाण्यानं काठोकाठ भरलेली होती. चंदानं तलाव बघायचा म्हटलं, तर आजोबा म्हणाले, "उन्हात कायले जातेस बेटा, इथून दिसते ना हिरवंगार." आणि एक टापटीप पोरगा इस्त्रीचा शर्ट घालून तीनदा समोरून गेला.

चंदा भोळी, तिला वाटलं गाव फार अगत्यशील आहे. मला मात्र वेगळाच संशय येतोय. तू घरी विचार.

रविता

*

आंजनटोला, १६ फेब्रुवारी २००३

रविता,

माय वो. हसून हसून पोट दुखलं, आन् मंग चुलीपुढं बसून रडली.

तुहा संशय बरोबर हाय. त्याईले वाटलं, पोरीकडचे आले. आन् वाटन नाई तर काय? शेती किती, पानी किती महिने, विहीर किती दूर, पानी कोन भरते, हेच तर इचारतेत पोरीकडचे. तुमच्या सरकारनं हे सवाल पोरीच्या बापाकडून शिकले काय? वरून पोरगी रहांगडाले, आमच्यातली, वयाची, सोबत मिशावाला मानूस. मामाजी समजले, नागपूरचे शिकले-सवरले लोक, पोरगी स्वतः पाहाले आली. नांद भरली ते शेजारच्या उदारामच्या घरून गुंड आनून आनून. इस्त्रीचा शर्ट म्हंजे आमचा धनेंद्र. दिवाळीपासून सारे नागपूरच्या चिठ्ठीची वाट पाहून राहिले होते आन् मले कोनी सांगतलंबी नाई, कावून का मी मोडता घालीन.

आता हसनं संपलं, पुढचं आयक. मी मामाजीले समजावलं का तुमच्या एका शब्दानं तलाव गेला. ग्रामसभा घेऊ, गाव कोरडं हाय म्हनून लिहून देऊ, रंग बदलवू. मामाजी उठूनच उभे झाले. म्हनले, "गाव लाल लिहून देशीन तर गावात पोरगी कोन देईन? तालुक्यात बोभाटा होईन. धनेंद्रले जनमभर कुवारा ठेवाचा काय?" ग्रामसभेत तेच झालं. उदारामले चार पोरं हायेत बिनलगनाचे, तो तर टेबलावर हात आपटून बोलला. ज्याच्या घरी पोरगा हाय तो साराच हिरव्या बाजूचा. लाल रंगाले माहा एकटीचा हात वर. आन् मागून आयकू आलं का, सरपंचबाई गावाचं नाव खराब करून राहिली, अविश्वास आना.

मले खुर्ची नको वो. पन तलाव न करता खुर्चीवरून उतरवलं तर उद्या या गावात दुसरी बाई कायच कबूल करन नाई. लोक म्हनतीन, बायाईचं असंच राह्यते.

ठरावाबिगर तू रंग बदलवू शकते काय? तुह्याच हातात तर हाय रंगाचा डबा.

राजकुमारी

*

नागपूर, २७ फेब्रुवारी २००३

ताई,

डबा माझ्या हातात आहे, म्हणूनच नाही बदलणार. आज तुझं गाव बदललं तर उद्या साहेब विचारतील, आतेबहिणीचं म्हणून बदललंस? मग खरोखरीच्या कोरड्या गावांवरही कुणी विश्वास ठेवणार नाही. राग येईल तुला, येऊ दे.

पण रस्ता आहे. साहेबांशी बोलले. तहसीलीत आहे तो कच्चा नकाशा, मेअखेर पक्क्यावर सह्या होतात. त्याआधी ग्रामसभेचा ठराव आला, तर एप्रिलच्या उन्हात मी स्वतः तपासणीला येईन. ठराव नसेल तर जीप मिळत नाही.

गाव एकदा लाल झालं की कायमचं लाल राहत नाही. दोन-तीन वर्षांनी नकाशा पुन्हा होतो. हे मामाजींना सांगून बघ.

आणि ताई, एक विचारू? पाणी भरतात बाया आणि हात वर करतात बाप्ये. त्या सभेत बाया किती होत्या?

रविता

*

आंजनटोला, २२ मार्च २००३

रविता,

तुह्यं पत्र पहिल्यांदा वाचलं तवा चुलीत टाकनार होती. मंग शेवटची ओळ पुन्यांदा वाचली.

सभेत बाया होत्या मोजून पाच, आन् त्याबी पदर ओढून मागं. बाकीच्या हातपंपावर. सभेची वेळ आन् पान्याची वेळ एकच, मंग कशा येतीन? म्हनून मी महिलाईची सभा येगळी लावली, कायद्यात हायच ते. आन् लावली कुठं? हातपंपाजवळच्या मोहाखाली. मोहफुलं टपकून राहिले होते, गुंडाची लाइन लागली होती, आन् लाइनीतच सभा.

मी समजावाले लागली का लाल म्हंजे काय, हिरवा म्हंजे काय. बाया आपले गुंडच पुढं सरकवत राहिल्या. पोरांच्या माया त्या, त्याईलेबी सुना पाह्यजेत. मले वाटलं, इथंबी गेलं. तवा माह्या सासूबाई उठल्या. सुशिलाबाई. तुले माईत हाय, त्या चार मानसात बोलत नाईत. म्हनल्या:

"मलेबी असंच दाखवलं होतं. माह्या बापाले दिवाळीच्या टायमाले बोलावलं. तलाव भरलेला, नांद भरलेली. बाप घरी येऊन म्हने, सुशी, राज करशीन. चैत लागला आन् मले राज समजलं. नवी नवरी होती मी, पानी आनता आनता रस्त्यात बसून रडत होती. बापाले कधी सांगतलं नाई, त्याले वाईट वाटन म्हनून. आता तेच मी दुसऱ्याच्या पोरीले करू? मले सून पाह्यजे. पन अशी नाई पाह्यजे."

मंग उदारामची बायको देवकाबाई म्हनली, "मलेबी तसंच." मंग दुसरी, मंग तिसरी. रविता, त्या लाइनीत एक बाई नव्हती का जिले भरलेला तलाव दाखवून आनली नाई. मीबी तशीच आली. तुह्या बापानंच तर पाहून पसंत केलं होतं हे गाव, कार्तिकात. आमाले सगळ्याईले वाटे का फसलो ते आपन एकल्याच.

ठराव लिहिला. अंगठे, सह्या, साऱ्याच्या साऱ्या. मंग पुन्यांदा मोठी ग्रामसभा लावली, पानी भरून झाल्यावरची वेळ धरून. बाया आल्या, यावेळी समोर बसल्या. उदाराम उठला बोलाले, तर देवकाबाईनं त्याच्याकडं नुसतं पाह्यलं, तो बसला. सारे मामाजीकडं पाहून राहिले. सासूबाई समोरच होत्या. घरी काय बोलनं झालं का नाई मले माईत नाई, पन चार दिवस मामाजी जेवताना मान वर करत नव्हते. पागोटं सारखं केलं आन् म्हनले, "लिहा लाल."

लिहिलं. आता जीप आन.

तुही ताई

*

नागपूर, ९ जून २००३

ताई,

आंजनटोला लाल झालं.

तू एप्रिलमध्ये सगळं डोळ्यांनी पाहिलंस, पण मला अजून मामाजीच दिसतात. कोयता घेऊन बेशरम तोडत पुढं, मी जीपीएसचं यंत्र धरून मागं. "इथं पाय ठेव बाई, भेग पाहा. इथंबी पानी नाई. चाल, तिकडं दाखवतो, तिथं तर अजिबातच नाई." नसलेलं पाणी दाखवायला काय तो उत्साह! चंदाची झाली तेवढीच खातिर माझीही झाली, फक्त खिरीऐवजी घाम.

आता माझी मिरवून घ्यायची पाळी. परत आले आणि डोक्यात किडा वळवळायला लागला. बेशरम एकट्या तुझ्याच तलावात थोडी आहे? झाडीपट्टीचे सगळे जुने तलाव, आणि आम्ही एकच एप्रिलचा फोटो बघून रंग दिले. मग मी त्याच सालचा जानेवारीचा फोटो काढला, मेअखेरचा मागवला आणि तिन्ही एकावर एक ठेवले. उन्हाळी धान जानेवारीत चिखल असतो, एप्रिलमध्ये हिरवा, मेअखेर कापलेला. आणि बेशरम? तिन्हींत हिरवी. तिला कोण कापतंय? मी कॉम्प्युटरला एकच नियम शिकवला: जे कधी कापलं जात नाही, ते पीक नाही.

साहेब आधी नाही म्हणाले, वेळ नाही म्हणाले. मी म्हटलं, एक तालुका करून दाखवते, पटलं नाही तर पुन्हा तोंड उघडणार नाही. आठ दिवस जागेवरून उठले नाही. चंदानंही हातातलं काम टाकून मदत केली, आपल्या खिरीची फेड म्हणून. तालुका झाला, साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "अख्खा जिल्हा करा."

केला. एकामागून एक हिरवे डाग बेशरमीचे निघाले. नकाशात सुखी दिसणारी किती गावं तहानलेली होती, ताई, आणि त्यांच्यासाठी भांडायला कुणाची बहीण ऑफिसात नव्हती. सगळ्यांचे रंग बदलले. खाली कोपऱ्यात तयार करणाऱ्यांची नावं असतात, तिथं पहिलं नाव माझं आहे. मी त्या कोपऱ्यावर बोट फिरवून पाहिलं आणि खूप आनंद झाला. लपवत नाही.

दुरुस्तीची यादी महिन्याभरात लागेल. तू तहसीलीत जा आणि त्या बाबूला हिंदीतच विचार.

रविता

*

आंजनटोला, १८ एप्रिल २००५

रविता,

एवढ्या दिवसांनी लिहून राहिली, मनावर घेऊ नको. पोरगी झाली तर मानूस लेखनी विसरते, आन् तलाव झाला तर घर विसरते. मले तर मागच्या साली दोन्ही झाले, पोरगीबी आन् तलावबी.

तू परदेशाले ट्रेनिंगले गेली तवाचं सारं सांगते. मागच्या उन्हाळ्यात काम लागलं. बेशरम मुळापासून काढली, जाळली. गाळ काढला आन् तो गाळ लोकाईनं आपापल्या धानाच्या बांधीत नेऊन टाकला, भांडून भांडून नेला. पाळ बांधली, पानी सोडाचं दार नवं बसवलं. मंग पाऊस आला, आन् पोळ्यापर्यंत तलाव गच्च. मी पाळीवर उभी होती, बाजूले सासूबाई. त्या माह्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. अविश्वास आननारे तेच आता म्हनतेत, आमीच तर सरपंचबाईच्या मागं होतो. असू दे, गाव आपलंच हाय.

दिवाळीले सालेकशाच्या तिकडून धनेंद्रसाठी जागा आली. पोरीचे वडील मुन्नालाल पारधी, भला मानूस. म्हनले, पुढच्या आठवड्यात येतो पाहाले. तलाव काठोकाठ, विहिरी भरल्या, याच्याहून चांगला टाइम कोनता? मामाजीनं काय करावं? फोनवर म्हनले, "आता नका येऊ. चैतात या. आन् पोरीलेबी आना." मुन्नालालले वाटलं असन, म्हातारा नाई म्हनून राहिला. मले तर वाटलं, देराचं लगन आताबी मोडते काय. पन मामाजी हटले नाईत.

आले ते लोक, परवा. भर ऊन. पोरीचं नाव रिंकी, बी.ए. झालेली, बोलनं साफ. चहा पिऊन म्हनते, "तलाव पाहाचा हाय." सारे निघालो. आता चैतात तलाव काठोकाठ थोडी राह्यते? अर्ध्याले आला होता. म्हशी बसल्या होत्या, बाया धुनं धुवून राहिल्या होत्या, हिरवी झाडी पाळीवर फक्त करंजाची. पोरगी पाळीवरून उतरली, पान्यात पाय टाकून उभी राहिली आन् वरून मामाजीले इचारते, "आजोबा, हे पानी कवापर्यंत पुरते?"

मामाजीकडं मी पाह्यलं. इतक्या वर्साची सवय, तोंडावर आलंच असन त्याईच्या, बारमाही म्हनून. त्याईनं पागोटं काढून हातात घेतलं. म्हनले, "बेटा, आमच्या सरपंचबाईले इचार. त्या खोटं सांगत नाईत."

रविता, लगन होऊन आली तेव्हापासून मामाजीनं मले सरपंचबाई तर सोड, नावानंबी कधी हाक मारली नव्हती.

मी म्हनली, "जेठ महिना निघते कसातरी. पाऊस लांबला तर तुह्यासंगं मीबी गुंड घेऊन हातपंपावर जाईन." पोरगी हसली, वर आली, पायातलं पानी झटकलं आन् बापाले म्हनली, "बाबा, मले इथंच द्या."

लगन अक्षय तृतीयेच्या नंतर, तारीख पत्रिकेत येईन. चंदाले आन, आन् हिरालाल ड्रायव्हरलेबी सोबत आन. मामाजी म्हनतेत, त्याच्या मानपानात मागच्या वेळी काय कमी राह्यलं असन तर या वेळी भरून काढू.

तुही ताई,
राजकुमारी